सांडशी बनवणाऱ्यांनी एकदा वाचाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पुरवणीत स्वयंपाकघर सोपं करणाऱ्या वस्तूंवर पानभर आलं होतं. एअर फ्रायर, चॉपर, कणीक मळायचं मशीन, भांडी धुवायचं मशीन, सगळं वाचलं. चांगलं आहे, ज्याला परवडतं त्यानं घ्यावं. पण ज्या बाईच्या (किंवा बाप्याच्या) हातात जोरच राहिला नाही तिनं काय करायचं हे त्या अख्ख्या पानात कुठं दिसलं नाही. त्या चॉपरची दोरी ओढायला पण बोटं लागतात आणि मिक्सरचं झाकण उघडायला पण मनगट लागतंच की. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण सांडशीचा भाग तेवढा ठेवा.

मी टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातणारा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या कारखान्यांत लेथवर आयुष्य गेलं, आता पोरगा बघतो आणि मी घरात लुडबुड करतो. आमच्या मंडळींना बरीच वर्षं आमवात आहे, रुमॅटॉइड म्हणतात तो. औषधं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, तिथं काही तक्रार नाही. पण या दुखण्याची खोड अशी की बोटं सकाळी सगळ्यात जास्त आखडतात, उठल्यावर तासभर तरी मूठ नीट वळत नाही, कोमट पाण्यात हात धरून बसावं लागतं. आणि घरात हाताला सगळ्यात जास्त काम कधी, तर नेमकं त्याच तासात. दूध, चहा, कुकर, नातवाचा डबा. दुपारी चारला जरा हात सैल झाले की तेव्हा कुणाला काय पाहिजे नसतं.

यावर लोकांचं उत्तर ठरलेलं. बाई लावा. सुनेला करू दे. वहिनी, आता आराम करा की. म्हणतात सगळे प्रेमानंच, पण जिनं मसाल्याची मिरची स्वतः निवडून भाजून डंकावर उभं राहून कुटून आणली, जिच्या पांढऱ्या रश्श्यासाठी पाहुणे रविवार धरून येतात, तिला ओट्यापासून लांब बसवायचं म्हणजे काय ते घरात बघितल्याशिवाय कळत नाही. ती एकदा सरळच म्हणाली, मला बाई नको, मला सांडशी बदलून द्या. तेव्हापासून माझं डोकं यात अडकलंय.

आणि हे एकट्या आमच्या घरचं नाही. आमवात पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट जास्त. शिवाय वयानं अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजतो तो वेगळा. मनगटात नस दबून बोटं बधिर होतात ती वेगळी, ते तर गरोदर पोरींना पण होतं. शुगरवाल्यांचं बोट वाकलेलं अडकून बसतं. लकवा होऊन गेलेले, कंपवाताचे, मनगट मोडून प्लास्टर काढलेले. आणि आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासायला, वर्षानुवर्षं ग्राइंडर धरलेली माणसं, त्या थरथरीनं बोटं बधिर पडतात, पकड जाते. एकटा राहणारा असला तर त्यानं पण चहा करायचाच असतो.

आता सांडशी. घरातली सांडशी मी व्हर्निअर लावून मोजली. दांडा ६ मिलिमीटरचा गोल बार, रिव्हेटपासून मागं लांबी १७ सेंटिमीटर, पुढं चोच साडेचार. म्हणजे अगदी टोकाला धरलं तर हाताचा जोर चोचीत पावणेचार पट होतो, कागदावर एकदम झकास. पण दोन लिटर दुधाचं पातेलं घ्या, भांड्याचं वजन धरून पावणेतीन किलो झालं. ते एका कडेला धरून उचलायचं, सगळा भार हातापासून वीतभर लांब लोंबतोय, मनगट पिळतोय, आणि त्याच वेळी बोटांनी दांडे सतत आवळून धरायचे, जरा सैल सोडलं की चोच सुटली आणि उकळतं दूध पायावर. त्यात ते दोन बारीक बार, मुठीत भरीव असं काही येतच नाही, सगळा जोर दोन रेघांवर, पेरात पण रुततं आणि तळव्यात पण. कानशीची मूठ हातात घेऊन बघा, तीन-साडेतीन सेंटिमीटर तरी जाड असते, कारण तेवढी जाडी असली की बोटं पार मिटावी लागत नाहीत आणि कमी जोरात जास्त पकड बसते. हे उद्यमनगरातल्या शिकाऊ पोराला पण माहीत आहे. मग सांडशी करणाऱ्याला का नाही?

आमची मंडळी आता सांडशी वापरतच नाही. जुन्या साडीचं फडकं चौपदरी करून दोन्ही तळव्यांनी पातेलं दाबून धरते आणि उचलत नाही, ओट्यावरनं सरकवत नेते. शेगडीवरनं खाली घेतानाची ती दोन-तीन सेकंदं मात्र मला बघवत नाहीत.

आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, हातानं धरायचा नाही. जॉब धरायला व्हाइस आहे, चक आहे, फिक्स्चर आहे, हात फक्त चालवायला. हातानं जॉब धरून ड्रिल मारणाऱ्याला मेस्त्री शिव्या घालायचे. आणि घरी आलं की सगळा उलटा कारभार, बरणी एका हातानं आवळून धरा दुसऱ्यानं फिरवा, नारळ धरा आणि खवा, किसणी परातीत तिरकी धरा आणि किसा, पातेलं सांडशीनं धरा आणि ओता. धरायचं काम सगळं बोटांवर. आपण गड्यांनी स्वतःसाठी सगळी सोय करून घेतली आणि घरात ६ मिलिमीटरचा बार दिला, असं माझं मत झालंय, कुणाला राग आला तर येऊ दे.

लॉक होणारी पक्कड आमच्या प्रत्येकाच्या पेटीत असते. एकदा दाबली की दांड्यातली खिट्टी मध्याच्या पलीकडं जाते आणि जबडा तसाच धरून राहतो, हात काढून घेतला तरी सुटत नाही. अमेरिकेत नेब्रास्कातल्या विल्यम पीटरसन नावाच्या लोहारानं ती १९२४ साली काढली. शंभर वर्षं होऊन गेली. तेच सांडशीत का नाही?

मी घरी करून बघितलंय थोडंफार, त्यामुळं अडचणी पण सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हाताऱ्याला काय जातंय बोलायला. लॉक पक्कड आहे तशी चालत नाही. एक तर ती सुटताना झटका देते, तो गरम भांड्याला परवडणार नाही, त्यामुळं लॉक हळू सुटणारा पाहिजे आणि अंगठ्याच्या टोकानं नाही तर तळव्यानं दाबून सुटणारा पाहिजे. दुसरं, प्रत्येक पातेल्याची कड वेगळी, कुणाची वळलेली, कुणाची सपाट, पितळी पातेल्याची तर बोटभर, तेव्हा जबडा सगळ्यावर बसला पाहिजे. दात असले की भांडं खरवडतं, सिलिकॉनची पट्टी लावावी लागते, ती दोनशे डिग्रीपर्यंत टिकते. सायकलच्या मुठी चढवून बघितल्या, धरायला एकदम भारी, मंडळी खूश, पण पीव्हीसी शेगडीजवळ गेलं की वास मारतं आणि लिबलिबीत होतं. लाकडाची मूठ लावली तर भिजून भिजून फुगते. पोकळ स्टीलची जाड मूठ केली तर तेलकट हातातनं सटकते. आणि जाड करायच्या नादात वजन वाढलं तर सगळंच मुसळ केरात, कारण वजन उचलणारं मनगट तेच आहे. शिवाय मुठीवर खाचा ठेवल्या की त्यात खरकटं बसतं आणि तारेच्या घासणीनं घासलं की रबर निघतं, भांडी घासणाऱ्या मावशींनी मला हे आधीच सांगितलं होतं.

म्हणजे काम सोपं नाही. पण एखाद्या गाडीच्या पार्टला जेवढं डोकं लावतो त्याच्या निम्मं पण लागणार नाही.

बोटांवर भार टाकायचा नाही हे ज्ञान आपल्याकडं नव्हतं असं पण नाही. विळी बघा. पाटावर पायाचा भार, म्हणजे पातं पक्कं धरलेलं आणि दोन्ही हात भाजीला मोकळे, हत्याराला मूठच नाही! सुरीत एका हातानं कांदा आणि एका हातानं पातं आवळून धरावं लागतं, विळीत ते नाही. अडचण एवढीच की मांडी घालून बसता आलं पाहिजे आणि गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला असतो. तीच विळी ओट्याच्या कडेला क्लॅम्पनं घट्ट बसवून दिली, पात्याला झाकण दिलं, की निम्मं काम झालं. तसाच तो जुना पितळी सोऱ्या, वरची दांडी फिरवत न्यायचा, सगळा दाब आटे देतात. नंतर हातानं दाबायचे हलके सोऱ्ये आले आणि चकलीला घरातल्या पैलवानाला हाक मारायची वेळ आली. पाट्यावर वरवंटा चालायचा तो पण अंगाच्या भारानं, बोटांच्या आवळण्यानं नाही. लाटण्याला सुद्धा उघडा तळवा पुरतो, म्हणून बघा, मंडळी अजून पोळ्या लाटते पण कणीक मळायला मला बसवते. (येते आता मला बऱ्यापैकी, मीठ ती घालते.)

परदेशात यावर काम झालंय ते सांगतो. ऑक्सो म्हणून स्वयंपाकघरातल्या वस्तूंची अमेरिकेतली जी कंपनी आहे तिची सुरुवातच अशी. सॅम फार्बर नावाचा भांड्यांच्याच धंद्यातला रिटायर माणूस, त्याच्या बायकोच्या, बेट्सीच्या हातांना संधिवात, तिला साल काढायचं पीलर धरवेना. त्यानं डिझाईनवाल्यांना गाठलं आणि १९९० साली जाड, मऊ, रबरी मुठीच्या १५ वस्तू बाजारात आणल्या. अंगठा टेकतो तिथं रबराला बारीक पापुद्रे, दाबलं की दबणारे, हात ओला असला तरी घसरत नाही. ते पीलर आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट म्युझियमची नाही. त्यांनी ती वस्तू औषधाच्या दुकानात अपंगांची म्हणून ठेवली नाही, साध्या भांड्यांच्या दुकानात ठेवली आणि धडधाकट माणसांनी पण उचलली, कारण धरायला बरी वाटली. खप वाढला की मग वस्तू टिकते.

आपल्याकडं ती ऑनलाइन मिळतात, किंमत बघितली की पीलर परत खाली ठेवावं वाटतं. आणि दुसरं म्हणजे ती त्यांच्या स्वयंपाकाची. अमेरिकेत बसून कोण आपल्यासाठी सांडशी करणार, खवणी कोण करणार, पुरणयंत्राचा दांडा कोण बदलणार? ते इथंच करावं लागणार.

झाकणाचं एक साधं गणित सांगतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण ७ सेंटिमीटरचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेतीन. त्याला पट्ट्याचा पाना लावला आणि दांडा मध्यापासून २० सेंटिमीटर ठेवला तर जोर जवळजवळ पावणेसहा पटीनं कमी लागतो. गाडीचा ऑइल फिल्टर खोलायला गॅरेजमधे असला पाना असतोच. तो बारीक करून, पट्टा रबरी करून, ओट्याच्या कपाटाखाली एक पाचर बसवून द्यायची की बरणी पण धरायला नको. फुकटचा उपाय पाहिजे असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून झाकणाला गुंडाळा, घसरणं थांबतं. पण चिमटीत धरायच्या वस्तू मात्र बनवूच नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. चिमटीच्या टोकाला जेवढा जोर लावतो त्याच्या कितीतरी पट भार अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो, आणि झिजलेला सांधा नेमका तोच. मिक्सरच्या झाकणाचा तो इवलासा गोल गठ्ठू, डब्याच्या झाकणाचा नखानं उचलायचा काठ, दुधाची पिशवी, हे सगळं चिमटीचं. पिशवीला शिंप्याकडं असते ती स्प्रिंगची छोटी कात्री आणून ठेवा, आपोआप उघडते, तळव्यानं नुसती दाबायची.

कुकरबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र होईल. आतल्या झाकणाचा असो की बाहेरच्या, दोन्हीला दोन्ही हात आणि नेम लागतो, आणि भरलेला कुकर एका लांब दांड्यानं उचलायचा ही कल्पना ज्याला सुचली त्यानं स्वतः कधी उचलला नसावा. दोन्हीकडं कान असलेला घ्या. लायटरचा खटका दाबवत नसेल तर ऑटो इग्निशनची शेगडी घ्या. सिलिंडरचा रेग्युलेटर बदलायला शेजाऱ्याला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

आता सरकार. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या ४३ व्या कलमात सरळ लिहिलंय की सगळ्यांना वापरता येतील अशा डिझाईनच्या रोजच्या वापराच्या वस्तू विकसित करणं, बनवणं, पोचवणं याला सरकारनं चालना द्यायची. कलम आहे, वस्तू कुठं आहे? केंद्राची वयोश्री योजना २०१७ पासून आहे, त्यात काठी, वॉकर, व्हीलचेअर, कानाचं मशीन, चष्मा, कवळी. आपल्या राज्याची मुख्यमंत्री वयोश्री २०२४ ला आली, ६५ च्या वरच्यांना एकदाच ३००० रुपये, त्यात पण चष्मा, काठी, गुडघ्याचा पट्टा, कमोडची खुर्ची. सगळं गरजेचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण या याद्या वाचल्या तर म्हातारं माणूस चालतं, बघतं, ऐकतं, चावतं, फक्त स्वयंपाक तेवढा करत नाही असं दिसतं. चावायची सोय केली, शिजवायची राहिली. एक जाड मुठीची सांडशी आणि एक झाकणाचा पाना त्या यादीत बसवायला काय हरकत आहे, आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांपैकी कुणीतरी एवढा प्रश्न विचारावा.

आणि कोल्हापूरनं तर हे करायलाच पाहिजे. ऑइल इंजिनं आपण केली, देशभरच्या गाड्यांची कास्टिंगं (ओतीव भाग) इथनं जातात, हुपरीत चांदीचा बारीकातला बारीक दागिना होतो, आणि सांडशी मात्र कुठल्यातरी लांबच्या गावची पापाच्या तिकटीच्या बाजारात आणून विकायची? दुकानदाराला विचारलं जाड मुठीची आहे का, तर म्हणाला, मामा, सांडशी ती सांडशी, त्यात काय जाड बारीक. त्याचा दोष नाही, त्याला कुणी दिलीच नाही तर तो कुठनं दाखवणार.

इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी फायनलच्या प्रोजेक्टसाठी आमच्याकडं शॉपवर येतात, गवत कापायचं सोलर मशीन, आपोआप झाडांना पाणी घालायचं मशीन, फोटो काढतात, मार्क मिळतात आणि ते मशीन भंगारात. त्यांच्या सरांना माझं सांगणं आहे की एक बॅच या कामाला लावा. पण पोरांना कॉम्प्युटरवर बसवू नका, आधी फिजिओथेरपीच्या ओपीडीत पाठवा, हाताचा जोर मोजायचं यंत्र तिथं असतं. नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही अपंगांची संस्था आपल्या गावात आहे, तिथल्या लोकांना विचारा, वस्तू कुठं अडते ते त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही. आणि केलेली वस्तू तपासायची ती सकाळी सहाला, ज्याची बोटं आखडलीत त्याच्या हातात देऊन, साबणाचे ओले हात, पातेल्यात पाणी भरून. दुपारी एसी लॅबमधे वीस वर्षांच्या पैलवान पोरानं धरून बघितली तर काय कळणार, त्याला काय पण जमतं.

डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च मोठा असतो हे मला कळतं. प्लास्टिकची मूठ काढायची डाय केली तर लाखाच्या खाली होत नाही, आणि पाचशे नगांसाठी कोण करणार. म्हणून सुरुवात डायशिवाय करा. पत्र्याचे दांडे प्रेसवर वाकवून, सिलिकॉनची नळी चढवून, लॉकची खिट्टी लेझरनं कापून. शंभर नग काढा, बचत गटांच्या स्टॉलवर ठेवा, बायका तोंडावर सांगतील काय चुकलंय ते. मी माझ्या सांडशीचं ड्रॉइंग हातानं काढून ठेवलंय, तिसऱ्या वेळचं, त्यात लॉक अजून मनासारखा सुटत नाही. उद्यमनगरात ज्याच्याकडं प्रेस मोकळा असेल त्यानं माझ्या पोराच्या शॉपवरनं फुकट घेऊन जावं, पेटंट-बिटंट काही नाही. अटी दोनच. किंमत साध्या सांडशीच्या दुपटीच्या वर न्यायची नाही, आणि पाकिटावर वृद्धांसाठी, अपंगांसाठी असलं काही छापायचं नाही. दुकानात बाकीच्या सांडश्या टांगतात त्याच खिळ्याला टांगायची.

आपला,
एक जुना टर्नर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर